शांताराम तपासताना : सोलापुरातील दहा रविवारांच्या नोंदी

एखाद्या नामवंत दिग्दर्शकाची ख्याती वाजवीपेक्षा जास्त आहे का, याचा निकाल वाद घालून लागत नाही. म्हणून त्याचे चित्रपट क्रमाने लावून पाहावेत, असे आम्ही चौदा जणांनी ठरवले. दिग्दर्शक व्ही. शांताराम, जागा पूर्व भागातील आमच्या छोट्या वाचनालयाची माडीवरची खोली आणि हिशेब ठेवण्याचे काम माझे. आणखी कोणी असा उद्योग करू पाहील तर त्याचे पैसे आणि रविवार वाचावेत, यासाठी या नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवल्या आहेत.

३१ डिसेंबर २०२३

वादाला सुरुवात 'नवरंग'मधील एका नृत्यावरून झाली. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला आमचा सर्वांत तरुण सभासद म्हणाला की, शांतारामांचे नाव पाठ्यपुस्तकामुळे आणि पुरस्कारांमुळे टिकून आहे. आज ते चित्रपट कोणी स्वतःहून पाहत नाही आणि पाहिले तर हसू येते. आमचे निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांना सगळेच 'सर' म्हणतात, ते यावर चहा अर्धा टाकून उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच निरोप पाठवला की बोलणे पुरे, आता चित्रपट लावा.

नऊ चित्रपट ठरले : 'अयोध्येचा राजा' (१९३२), 'अमृतमंथन' (१९३४), 'कुंकू' (१९३७), 'माणूस' (१९३९), 'शेजारी' (१९४१), 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६), 'दो आँखें बारह हाथ' (१९५७), 'नवरंग' (१९५९) आणि 'पिंजरा' (१९७२). सर्व तबकड्या मूळ आणि विकत घेतलेल्या असाव्यात, तिकीट नसावे आणि प्रत्येकाने बाराशे रुपये काढावेत, एवढे नियम केले. तबकड्यांना २,१०० रुपये लागले आणि त्या गोळा होण्यात बारा दिवस गेले.

६ जानेवारी २०२४

जुना प्रोजेक्टर ९,५०० रुपयांना मिळाला. पडद्यासाठी मी मांजरपाट आणला आणि त्याचे तीन पट्टे जोडून शिवून घेतले. कापड आणि शिलाई मिळून १,१५० रुपये झाले. तपासणीसाठी एक चित्र लावून पाहिले, तेव्हा दोन्ही जोड बरोबर माणसांच्या कपाळावरून आणि हनुवटीवरून जात होते. आमच्यात टॉवेलचा कारखाना असलेले एक काका आहेत. त्यांनी तो पडदा पाहिला आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अहो, सोलापुरात राहून तुम्ही जोड दिलेलं कापड आणलंत?" संध्याकाळी त्यांनी डबलबेडची कोरी पांढरी चादर पाठवून दिली, पैसेही घेतले नाहीत. नव्वद बाय शंभर इंचांच्या त्या चादरीत आठ फूट रुंद पडदा एकही जोड न देता बसला. मांजरपाटाचे पैसे वाया गेले.

१४ जानेवारी

पहिला चित्रपट आज लावायचा होता. सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या दिवसांत, कोणी सोलापूरकर रविवारी दुपारी चित्रपट पाहायला माडी चढेल असे मला कसे वाटले, हे सांगता येत नाही. सर आणि मी असे दोघेच होतो. आम्हीही तासाभराने कुलूप लावून गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, गेलो. कार्यक्रम एका आठवड्याने पुढे ढकलला.

२१ जानेवारी : 'अयोध्येचा राजा'

दिग्दर्शकाचे नाव लपवून चित्रपट दाखवावा, म्हणजे मत निर्मळ येईल, अशी तरुण सभासदाची कल्पना होती. त्यासाठी आम्ही श्रेयनामावली गाळून पुढून सुरुवात करणार होतो. ती गाळताना माझा हात चुकला, 'प्रभात' या चित्रपट कंपनीच्या चिन्हातली तुतारी वाजवणारी स्त्री पडद्यावर आली आणि मागे बसलेल्या दोन काकूंनी आनंदाने हात जोडले. ते नसते झाले, तरी पुढच्या दहा मिनिटांत दुर्गा खोटे यांना सर्वांनी ओळखलेच असते. नाव लपवण्याचा नियम तिथेच सोडून दिला.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी होती. पडदा आणि प्रोजेक्टर आजच्या रुंद चित्राच्या मापाने जुळवलेले होते, जुने चित्र मात्र जवळजवळ चौकोनी असते. त्यामुळे हरिश्चंद्र, तारामती आणि विश्वामित्र तिघेही आडवे ताणले जाऊन स्थूल दिसू लागले, आणि अर्धा तास कोणाच्या हे लक्षातही आले नाही, कारण सगळ्यांना ती त्या काळातील नटांची प्रकृती वाटली. आठ फुटांच्या पडद्यावर साडेचार फूट उंचीचे चित्र सहा फूटच रुंद यायला हवे. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये 'चारास तीन' हे प्रमाण निवडल्यावर ते आले. दोन्ही बाजूंना उरलेल्या एकेक फूट पांढऱ्या पट्टीवर नंतर काळी कापडी किनार शिवली (२४० रुपये), त्यामुळे चित्र पुष्कळ उठावदार झाले.

दहापैकी सरासरी गुण ४.६ पडले. नाटक समोर ठेवून कॅमेरा मांडल्यासारखे वाटते, हा अनेकांचा शेरा होता आणि तो खोटा नाही. भारतातील पहिला बोलपट मार्च १९३१ मधला आणि हा पहिला मराठी बोलपट त्यानंतर वर्षाच्या आत आलेला, हे मी चित्रपट संपल्यावर सांगितले. ते आधी सांगायला हवे होते की मुळीच सांगायला नको होते, यावर आमचे अजून एकमत नाही.

२८ जानेवारी : 'अमृतमंथन'

हा चित्रपट अंधाराचा आहे. देवीचे मंदिर, मशाली, सावल्या. आमच्या खोलीला मात्र छताजवळ दोन झरोके आहेत. खिडक्यांना टांगलेल्या सोलापुरी चादरी दिसायला सुंदर होत्या, पण दुपारचे ऊन त्यांच्यातून झिरपत राहिले आणि पहिली वीस मिनिटे आम्ही नुसते आवाज ऐकत बसलो. पुढच्या आठवड्यासाठी जाड काळे कापड घेतले (६२० रुपये). सोपा उपाय मात्र नंतर सुचला : वेळ दुपारी तीनऐवजी संध्याकाळी सात करणे.

जे दिसले त्यात चंद्रमोहन यांच्या डोळ्याचा तो प्रसिद्ध जवळून घेतलेला भाग होता. पडदा भरून एकच डोळा दिसतो. शांताराम १९३३ साली 'सैरंध्री' या चित्रपटाच्या रंगांच्या कामासाठी जर्मनीला गेले होते आणि परतल्यावर दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाचा हा उपयोग त्यांनी केला. सरांनी त्या क्षणी खोलीत वळून सर्वांकडे पाहिले. तरुण सभासदाने कागदावर लिहिले : "एक डोळा म्हणजे एक चित्रपट नव्हे." गुण ५.२.

आज उशिरा आणखी एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या दिवशी सर्वांकडून एक छापील कागद भरून घेतला होता, त्यात 'शांताराम यांचे तुम्हाला आवडणारे चित्रपट लिहा' असा प्रश्न होता. चौदापैकी सहा जणांनी 'संत तुकाराम' लिहिला आहे. तो दामले आणि फत्तेलाल यांचा. एकाने तर 'श्यामची आई' लिहिला आहे, जो आचार्य अत्रे यांचा. म्हणजे ज्या ख्यातीची आम्ही तपासणी करत होतो, तिच्यात दुसऱ्यांची जमा आधीच मिसळलेली होती. हिशेबनीस असूनही मी ते कागद तीन आठवडे उघडून पाहिले नव्हते.

४ फेब्रुवारी : 'कुंकू'

या दिवशी सर्वांत जास्त वेळ वाया गेला आणि सर्वांत जास्त शिकायला मिळाले.

शनिवारी रात्री तपासणीसाठी 'कुंकू' लावला. संवाद नीट ऐकू येत होते, पण दोन संवादांच्या मध्ये ध्वनी एकदम नाहीसा व्हायचा. घड्याळाची टिकटिक, भांड्याचा आवाज, पायऱ्यांवरची पावले आणि मग काहीच नाही. मी ठरवून टाकले की अ‍ॅम्प्लिफायरचा एक भाग गेला असून संगीत त्यातून येत नाही. केबल बदलली (१८० रुपये), तरी तेच. रविवारी सकाळी अ‍ॅम्प्लिफायर रिक्षात घालून दुरुस्ती करणाऱ्याकडे नेला. त्याने उघडला, सगळे भाग तपासले, दुसरे गाणे लावून ऐकवले, साडेचारशे रुपये घेतले आणि म्हणाला, "मशीनला काय बी झालं नाही ओ साहेब. तुमच्या पिच्चरमध्येच म्युझिक नाही की."

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे वाजते तेवढेच ऐकू येते, आणि गाणी आली तरी त्यांची साथ त्या घरातल्याच वस्तूंची असते. हे मी कुठेतरी वाचलेलेही होते. पण वाचलेली गोष्ट कानांना माहीत नव्हती, म्हणून सहाशेतीस रुपये आणि दीड दिवस गेला. ज्या वर्षी बोलपट बोलू लागून जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि चित्रपट म्हणजे गाणे-बजावणे हे समीकरण पक्के होते, त्या वर्षी एका दिग्दर्शकाने संगीत काढून घेतले आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातले घड्याळ तेवढे चालू ठेवले.

संध्याकाळी सात वाजता लावला, तेव्हा आमच्या मागच्या कारखान्यात तातडीच्या ऑर्डरमुळे माग चालू होते. त्यांची खडखड शेवटपर्यंत ऐकू येत होती. पाहून झाल्यावर एका सभासदाने नायिका नीरा हिची घुसमट दाखवण्यासाठी योजलेल्या 'त्या संथ यांत्रिक आवाजा'चे मनापासून कौतुक केले. काकांनी त्यांना तो आवाज टॉवेलचा असल्याचे सांगितले. (पुढील सर्व रविवारी माग बंद आहेत की नाहीत, हे आधी विचारून घेतले.)

नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची ही कथा. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटे यांनी नीरा ज्या तडफेने उभी केली आहे, त्यावर आमच्या दोन काकू एरवी कधी बोलत नाहीत तेवढे बोलल्या. त्यांतील एकीने सांगितले की तिच्या आजीचे लग्न असेच झाले होते आणि आजीने नकार दिला नव्हता. केशवराव दाते यांच्या काकासाहेबांची कीव यावी असेही चित्रण आहे, आणि ही गोष्ट तरुण सभासदाने सर्वांत आधी टिपली. त्याने नऊ गुण दिले, सरांनी आठ. सरासरी ८.१.

११ फेब्रुवारी : 'माणूस'

काही बिघडले नाही, त्यामुळे लिहिण्यासारखे थोडे आहे. शाहू मोडक यांचा हवालदार गणपत, शांता हुबळीकर यांची मैना. 'कशाला उद्याची बात' या गाण्यात भाषा बदलत जातात, तेव्हा मागून कोणी तरी "ही तर आपली गल्ली" असे म्हटले आणि तेलुगू, कन्नड, मराठी अशा तिन्ही घरांतले लोक हसले. तरुण सभासदाचा आक्षेप असा की हवालदाराला शेवटी कर्तव्याच्या रस्त्याला लावण्याची घाई झाली आहे. मला तो पटतो. गुण ७.८.

१८ फेब्रुवारी : 'शेजारी'

धरण फुटण्याच्या ऐन प्रसंगी वीज गेली. पंचेचाळीस मिनिटे अंधारात बसून आम्ही पुढे काय होणार याची चर्चा केली. ज्यांना कथा आधीच ठाऊक होती त्यांना गप्प बसवणे कठीण गेले. पुढील सर्व आठवड्यांसाठी इन्व्हर्टर भाड्याने घेतला (एकूण ९०० रुपये). उन्हाळ्याच्या तोंडावर सोलापुरात हे काम करणाऱ्याने तो पहिल्या दिवसापासून घ्यावा.

गावातला पाटील आणि त्याचा शेजारी मिर्झा यांची मैत्री एका कंत्राटदाराच्या स्वार्थापायी तुटते. या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'मध्ये, हिंदू ठाकूरची भूमिका मजहर खान यांनी केली आणि मिर्झाची गजानन जागीरदार यांनी. नटांची ही अदलाबदल १९४१ साली, फाळणीच्या बोलण्याला जोर चढत असताना, केलेली आहे. खोलीत बराच वेळ कोणी दिवा लावला नाही. गुण ७.४.

इथे सरांनीच एक अडचण पुढे केली, आणि ती त्यांच्या पक्षाच्या विरुद्ध जाणारी होती. 'शेजारी'चे लेखन विश्राम बेडेकर यांचे, 'कुंकू'ची कथा आपटे यांची, 'माणूस'चे संवाद अनंत काणेकर यांचे. 'प्रभात'मध्ये कलेची बाजू फत्तेलाल पाहत, ध्वनीची दामले. मग आपण गुण देतो ते कोणाला? या प्रश्नासाठी गुणपत्रिकेत नवा रकाना घातला : 'यातील नेमके काय दिग्दर्शकाचे आहे असे वाटते?' हा रकाना पहिल्यापासून असता, तर मागच्या चार चित्रपटांची मते फुकट गेली नसती.

२५ फेब्रुवारी : ठरवलेल्या यादीबाहेरचा, 'संत तुकाराम'

तुलनेसाठी एक रविवार वाढवला. १९३६ साली त्याच कंपनीत, त्याच छताखाली, पण शांतारामांच्या दिग्दर्शनाशिवाय झालेला हा चित्रपट. गुण ८.६, म्हणजे आतापर्यंतचे सर्वांत जास्त. विष्णुपंत पागनीस यांचे तुकाराम आणि गौरी यांची आवली पाहताना दिग्दर्शक कुठे दिसतच नाही, असे एका काकूंनी लिहिले. शांतारामांच्या चित्रपटात तो सतत दिसतो, हेही त्यांनीच लिहिले आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह काहीच घातले नाही.

तरुण सभासदाला हा आपला विजय वाटला. सर म्हणाले, "अरे, तुकारामाशी हरला म्हणून कोणी लहान होतो का?"

३ मार्च : 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'

सकाळी भैय्या चौकातील डॉ. कोटणीस स्मारकाला भेट दिली आणि संध्याकाळी चित्रपट पाहिला. हा क्रम मोठी चूक ठरला. ज्या घरातून द्वारकानाथ कोटणीस निघाले, त्या घराच्या भिंती सकाळी पाहिलेल्या माणसाकडून संध्याकाळी तटस्थपणे गुण मिळत नाहीत. सरासरी ८.३ आली आणि ती मी हिशेबातून वगळली. यावरून बरीच नाराजी झाली. एका काकांनी तर मी सोलापूरचा आहे की नाही, असेही विचारले.

वगळण्याचे कारण सांगतो. कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. शांतारामांनी ही भूमिका स्वतः केली, आणि चित्रपट आला तेव्हा त्यांनी चव्वेचाळिशी ओलांडली होती. चिनी पत्नीच्या भूमिकेत जयश्री आहेत, डोळ्यांच्या रंगभूषेसह. ख्वाजा अहमद अब्बास यांचा मूळ मजकूर हाती असताना आणि विषय इतका ताजा असताना दिग्दर्शकाने मुख्य भूमिका स्वतःकडे का घेतली, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी कागदावर लिहिला नाही. मीही लिहिला नव्हता. रात्री घरी जाताना सुचला. आपल्या गावचा माणूस पडद्यावर आला की आपण दिग्दर्शकाकडे पाहणे बंद करतो.

(याच संदर्भात आमचे दुसरे सोलापूरकर, शाहीर राम जोशी, यांच्यावरचा १९४७ चा, शांतारामांच्या 'राजकमल' या संस्थेचा चित्रपट लावावा अशी मागणी झाली. मी ती मान्य केली नाही. त्याच्या दिग्दर्शनात बाबूराव पेंटर यांचे नाव असल्यामुळे गुण कोणाला द्यायचे, हा गुंता पुन्हा उभा राहिला असता.)

१० मार्च : 'दो आँखें बारह हाथ'

या चित्रपटामागचा खराखुरा प्रयोग औंध संस्थानात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे झाला : कैद्यांना कुंपणाशिवाय ठेवून शेती करायला लावण्याचा. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. सांगोल्यावरून जाऊन ती जागा पाहून यावी, असा बेत होता. भाड्याच्या गाडीचा दर ऐकल्यावर तो सोडून दिला. कोटणीसांच्या बाबतीत काय झाले ते पाहता बरेच झाले.

चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. या दोन गोष्टी सर्वांना आधीच ठाऊक होत्या, त्यामुळे गुणपत्रिकेत श्रद्धेने गुण पडतील अशी मला भीती होती. तसे झाले नाही. सात. मोकळ्या माळावरची ती काळी-पांढरी चित्रे, सहा खुनी आणि एक जेलर, यांचे कौतुक सर्वांनी केले. पण खेळणी विकणाऱ्या चंपाची गाणी आली की कथा वाट सोडते, असे चौदापैकी नऊ जणांनी आपापल्या शब्दांत लिहिले, आणि जेलरच्या तोंडी उपदेश फार आहे असे अकरा जणांनी. 'कुंकू'त जो माणूस संगीतही काढून टाकतो, तो वीस वर्षांनी शब्द का कमी करू शकत नाही, हे तरुण सभासदाचे वाक्य मी इथे उतरवून ठेवतो. या संपूर्ण उपक्रमातले ते मला सर्वांत नेमके वाटले.

१७ मार्च : 'नवरंग'

भांडणाचे मूळ. रंगांसाठी प्रोजेक्टर नव्याने जुळवावा लागला. आतापर्यंत काळ्या-पांढऱ्यासाठी ठेवलेल्या सेटिंगवर संध्या यांचा चेहरा हिरवट दिसत होता. त्यात तास गेला.

रंगाचे वेड शांतारामांना जुने होते. 'सैरंध्री' रंगीत करण्याचा प्रयत्न फसला आणि 'झनक झनक पायल बाजे'मध्ये, १९५५ साली, टेक्निकलरने ती हौस पुरी झाली. 'नवरंग' त्या यशाच्या पाठोपाठचा. गाणी सुरू झाल्यावर दोन्ही काकूंनी आणि सरांनीही शब्दन्‌शब्द म्हटला. सी. रामचंद्र यांच्या चाली पासष्ट वर्षांनीही ताज्या आहेत. चेहऱ्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधून संध्या एकटीच दोन्ही भूमिका नाचतात, त्या वेळी तरुण सभासदही हसला नाही. पण दोन गाण्यांच्या मधल्या प्रसंगांत चार जण खाली चहाला गेले आणि वर यायची कोणाला घाई नव्हती. गुणपत्रिकेत मी या वेळी संगीत आणि बाकीचे असे दोन भाग केले होते : संगीताला ९.१, बाकीच्याला ५.५. दिग्दर्शनाच्या हिशेबात ५.५ धरले.

सरांनी स्वतः सहा दिले. एकतीस डिसेंबरला त्यांनी नऊ दिले असते, हे त्यांनीच सांगितले.

३१ मार्च : 'पिंजरा'

२४ तारीख होळीची म्हणून सोडली. आज खोलीत सत्तावीस माणसे होती. 'पिंजरा' लावणार हे गल्लीत कळले होते. रात्री आठ वाजतासुद्धा खोली तापलेली होती, प्रोजेक्टर दोनदा गरम होऊन बंद पडला आणि तिसऱ्यांदा पडू नये म्हणून एका मुलाने शेवटपर्यंत त्याला पुठ्ठ्याने वारा घातला.

हाइनरिख मान यांच्या १९०५ च्या जर्मन कादंबरीतला नर्तकीच्या नादाने कोसळणारा शिक्षक इथे तमाशाच्या फडावर आला आहे, आणि तो इतका इथला होऊन आला आहे की मूळ परके आहे हे सांगितल्यावर लोकांना राग आला. डॉ. श्रीराम लागू, संध्या, निळू फुले. जगदीश खेबुडकरांची गीते, राम कदमांचे संगीत. दिग्दर्शक सत्तरीत होता. नवीन आलेल्यांना गुणपत्रिका दिल्या नाहीत. आमच्या चौदांची सरासरी ७.९.

७ एप्रिल : हिशेब

एकूण खर्च १८,७१० रुपये, जमा १६,८००, तूट १,९१०. त्यात चहा आणि चिवड्याचे ३,२६० रुपये आहेत, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. मांजरपाट, केबल आणि न बिघडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती मिळून १,७८० रुपये माझ्या घाईचे आहेत. तेवढे वाचले असते, तर तूट नाममात्र राहिली असती.

'कोटणीस' वगळून आठ चित्रपटांची सरासरी ६.७ येते. पहिल्या दिवशीच्या कागदावर शांतारामांच्या एकंदर कर्तृत्वाला याच चौदा जणांनी सरासरी ८.२ गुण दिले होते. तरुण सभासदाने हा दीड गुणाचा फरक फळ्यावर लिहून त्याभोवती चौकट काढली. कारखानदार काका म्हणाले की नमुना दाखवताना आम्ही सर्वांत चांगला टॉवेल वर ठेवतो आणि गिऱ्हाईक खालचा गठ्ठा उघडतो, सरासरी टॉवेल कोणी मागत नाही.

मी घरी येऊन पहिल्या दिवशीचे कागद पुन्हा काढले. त्यात 'यापूर्वी पूर्ण पाहिलेले चित्रपट' हा प्रश्न नव्हता. तो फोन करून आता विचारला. 'पिंजरा' बारा जणांनी पाहिला होता, 'नवरंग' अकरा जणांनी. 'कुंकू' दोघांनी, 'माणूस' एकाने, 'शेजारी' कोणीच नाही. १९३७ ते १९४१ या चार वर्षांतल्या ज्या तीन चित्रपटांना आम्ही ७.४ ते ८.१ गुण दिले, ते आमच्यातल्या जवळजवळ कोणीच पाहिलेले नव्हते, आणि ८.२ ही ख्याती आम्ही 'नवरंग'च्या गाण्यांवर, 'पिंजरा'वर आणि दामले-फत्तेलालांच्या तुकारामावर बेतली होती. माझ्या मते शांतारामांना वाजवीपेक्षा जास्त मान मिळतो तो रंगीत काळासाठी. काळ्या-पांढऱ्या काळातल्या या तिघांसाठी पुरेसा मिळालेलाच नाही. सरांना यातला पहिला भाग मान्य नाही, तरुण सभासदाला दुसरा मान्य करायला जड जाते आहे.

हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारण्याचा आहे. त्याला एक कागद आणि दहा मिनिटे लागतात.

१४ एप्रिल

प्रोजेक्टर झाकून ठेवला. चादर धुऊन काकांकडे पाठवली; त्यांनी ती परत पाठवली आणि पुढच्या वेळी लागेल असा निरोप दिला. तबकड्या वाचनालयाच्या कपाटात लावताना एक कमी भरली. रजिस्टर पाहिले, तेव्हा 'कुंकू' तरुण सभासदाच्या नावावर १ एप्रिलपासून आहे, आजीला दाखवण्यासाठी. परत करण्याची तारीख ८ एप्रिल होती. काल फोन केला, तर आजी दुसऱ्यांदा पाहत आहे आणि मध्ये घड्याळाशिवाय काहीच ऐकू येत नाही म्हणून टीव्ही बिघडला आहे असे म्हणते आहे, एवढेच उत्तर मिळाले.